पोलादाचा सांधा आणि वायूचें पांघरूण

गुलमंडीवरून पैठणगेटाकडे जातांना मान वर करून पाहिलें, तर जुन्या लांकडी सज्जांची जागा बहुतेक ठिकाणीं लोखंडी कठड्यांनीं घेतलेली आढळते. तिसऱ्या मजल्यावरील कठडा, गच्चीवरील पाण्याच्या टांकीची घडवंची, दुकानाचें सरकतें दार, शाळेच्या बसमधील बांक, वडिलांची मोटारसायकल, ह्या सर्व वस्तूंस एकत्र धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे वेल्डिंगचा सांधा. सुताराचा सांधा डोळ्यांना दिसतो. त्यांतील खुंटी हातानें हालवून पाहतां येते. वेल्डिंगच्या सांध्याचें तसें नाहीं. तो बाहेरून रेखीव दिसूनहि आंतून पोकळ असूं शकतो, आणि कठड्यावर रेलून पतंग उडविणाऱ्या मुलास त्याची बातमी अगोदर लागत नाहीं.

ह्या विषयावर शाळेच्या वार्षिकांत लिहिण्याचें कारण थोडक्यांत सांगतों. १९८५ सालीं वाळूज येथें बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, आणि त्या वेळीं औरंगाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या शहराचें जीवन पालटलें. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत त्यापूर्वींच वसली होती. पुढें शेंद्र्यासहि तशीच वसाहत झाली. दुचाकीचा सांगाडा म्हणजे नळ्या आणि दाबून आकार दिलेले पत्रे ह्यांची जुळणी. आणि ही जुळणी करण्याची आजची मुख्य रीत म्हणजे मिग वेल्डिंग. शाळा सोडल्यावर कित्येक विद्यार्थी आय.टी.आय.कडे वळतात व तेथून ह्या कारखान्यांत जातात. टॉर्च कसा धरावा हें त्यांस चांगलें शिकविलें जातें. परंतु वायु कोणता घ्यावा व कां घ्यावा, हा विचार पुष्कळदां यंत्रावर चिकटविलेल्या तक्त्यावर सोंपविला जातो. तक्ता उपयोगी खरा. पण तो लिहिणाऱ्यास तुमच्या यंत्रास कोणता सिलिंडर जोडला आहे हें ठाऊक नसतें.

मिगची रचना मुळांत सोपी आहे. टॉर्चच्या तोंडांतून एक बारीक तार सतत बाहेर येते. तार आणि जोडावयाचा पत्रा ह्यांच्यामध्यें विजेचा चाप पेटतो. त्याच्या उष्णतेनें तार वितळते, पत्र्याच्या कडाहि वितळतात, आणि दोहोंचा रस एकजीव होऊन थिजतो. तारेभोंवतीं तांब्याचें एक नोझल असतें व त्यांतून वायूचा झोत पडत असतो. हा झोत कशासाठीं, हें समजलें म्हणजे पुढचें सर्व समजण्यास सोपें जातें.

शुद्ध लोखंड १५३८ अंश सेंटिग्रेडला वितळतें. अशा वितळलेल्या धातूस हवेची फार बाधा होते. हवेचे शंभर भाग केले तर त्यांत सुमारें ७८ भाग नत्रवायु, २१ भाग प्राणवायु आणि जवळजवळ एक भाग आर्गॉन असतो. प्राणवायु लोखंडाशीं संयोग पावून त्याची मळी करतो. नत्रवायूचें वर्तन अधिक कपटी आहे. पातळ लोखंडांत तो विरघळून जातो. परंतु लोखंड थिजूं लागलें कीं त्यास आंत तितकी जागा उरत नाहीं व तो बुडबुड्यांच्या रूपानें बाहेर पडूं पाहतो. कांहीं बुडबुडे सुटतात, उरलेले थिजत्या धातूंत अडकतात. असा सांधा कापून पाहिल्यास आंत अनारशासारखी जाळी पडलेली दिसते. अनारशास जी शोभा, तीच पोलादास व्याधि.

जुन्या पद्धतीच्या रॉडवर एक लेप असतो. तो जळून वायु उत्पन्न होतो आणि वर मळीचा थर जमतो, म्हणजे रॉड आपलें पांघरूण आपल्याबरोबर घेऊनच येतो. मिगची तार उघडी असते. तिला पांघरूण बाहेरून घालावें लागतें, आणि तें वायूचें असतें. दिसत नाहीं, हातास लागत नाहीं, पण तें सरकलें कीं सांधा उघडा पडला.

प्रथम लोकांच्या मनांत आलेला वायु म्हणजे आर्गॉन. त्याच्या शोधाची हकीगत विद्यार्थ्यांनीं अवश्य लक्षांत ठेवावी. लॉर्ड रॅले ह्या शास्त्रज्ञास असें दिसून आलें कीं, हवेंतून काढलेला नत्रवायु हा रासायनिक पदार्थांपासून तयार केलेल्या नत्रवायूपेक्षां शेंकडा सुमारें अर्ध्या भागानें जड भरतो. दुसऱ्या कोणीं ती तराजूची चूक म्हणून सोडून दिली असती. रॅले ह्यांनीं ती सोडली नाहीं, आणि विल्यम रॅम्झे ह्यांच्या साहाय्यानें १८९४ सालीं त्यांनीं त्या अर्ध्या भागामागें दडलेला नवा वायु जगापुढें मांडला. तो कोणाशींहि संयोग पावत नाहीं, म्हणून ग्रीक भाषेंतील आळशी ह्या अर्थाच्या शब्दावरून त्याचें नांव आर्गॉन पडलें. १९०४ सालीं रॅले ह्यांस पदार्थविज्ञानाचें व रॅम्झे ह्यांस रसायनाचें नोबेल पारितोषिक मिळालें. वितळलेल्या धातूच्या राखणीस असा आळशीच हवा. उद्योगी राखणदार मालकाच्याच घरांत हात घालतो.

१९४८ सालीं अमेरिकेंतील ओहायो प्रांतांत, बॅटेल मेमोरियल इन्स्टिट्यूट ह्या संस्थेंत, सतत सरकणारी तार व तिच्याभोंवतीं निष्क्रिय वायु अशी ही पद्धति सिद्ध झाली. तिचा पहिला उपयोग अॅल्युमिनियमसारख्या धातूंसाठीं होता. पोलादाच्या सामान्य कामास आर्गॉन महाग पडे. मग १९५३ सालीं सोव्हिएट रशियांतील ल्युबाव्स्की व नोवोझिलोव ह्यांनीं पोलादासाठीं कार्बन डायऑक्साइड, म्हणजे जुन्या क्रमिक पुस्तकांतील कर्बाम्लवायु, वापरण्याची रीत पुढें आणली. हा वायु स्वस्त; सोडावाटरच्या बाटलींत असतो तोच. परंतु तो आळशी मुळींच नाहीं. मिग ह्या नांवांतील मधलें अक्षर निष्क्रियतेचें द्योतक आहे, आणि आपल्याकडील पुष्कळसें मिग मात्र ह्या सक्रिय वायूवर चालतें. नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा, असाच हा प्रकार. कारागीर लोक त्यास सी.ओ.टू. वेल्डिंग म्हणतात, आणि आमच्या मतें त्यांचेंच नांव अधिक खरें आहे.

येथें चौकस विद्यार्थी विचारील कीं, प्राणवायु जर पोलादाचा वैरी, तर ज्याच्या पोटांत प्राणवायु आहे असा वायु पांघरूण म्हणून कसा चालतो? प्रश्न रास्त आहे. चापाच्या प्रखर उष्णतेंत कर्बाम्लवायूचा कांहीं अंश फुटून कार्बन मोनॉक्साइड व प्राणवायु हे वेगळे होतात, आणि हा मोकळा प्राणवायु धातूवर झडप घालतो. ह्याचा तोडगा वायूंत नसून तारेंत आहे. पोलादाच्या मिगसाठीं जी तार सर्रास विकली जाते, तींत शेंकडा दीडएक भाग मँगनीज आणि एक भागाच्या आसपास सिलिकॉन मुद्दाम घातलेलें असतें. ह्या दोघांस लोखंडापेक्षां प्राणवायूची ओढ अधिक. तीं स्वतः प्राणवायूस धरतात आणि लोखंड वांचतें. सांध्यावर मधून मधून तपकिरी कांचेचे बारीक ठिपके दिसतात, तें ह्या झटापटीचें अवशिष्ट होय. रंग देण्यापूर्वीं ते खरवडून काढावे लागतात, नाहींतर रंग तेथून पोपडा धरतो. कोणी तारेऐवजीं साधी लोखंडी तार घालून पैसे वांचवूं पाहील, तर त्याचा सांधा जाळीदार झाल्याशिवाय राहणार नाहीं.

आतां वायु बदलला म्हणजे काय बदलतें तें पाहूं. तारेच्या टोंकाशीं धातूचा थेंब तयार होतो व पत्र्यावरील रसांत जाऊन पडतो. तो कसा पडतो ह्यावर सर्व अवलंबून आहे. कर्बाम्लवायूंत चाप थेंबाच्या तळाशीं एकवटतो आणि थेंबास खालून वर रेटतो. त्यामुळें थेंब मोठा व वेडावांकडा वाढतो, मग कोणीकडेहि उडतो. त्याचेच बारीक मणी चोहोंकडे चिकटतात; कारागीर त्यांस स्पॅटर म्हणतात व छिन्नीनें खरवडीत बसतात. परंतु ह्याच वायूची उष्णता पत्र्यांत खोल व रुंद शिरते, हा त्याचा मोठा गुण. शेंकडा ८० भाग आर्गॉन व २० भाग कर्बाम्लवायु असें मिश्रण घेतलें, तर चाप शांत होतो, मणी कमी उडतात, सांध्याची कड पत्र्याशीं गुळगुळीत मिळते. आणि विजेचा प्रवाह एका मर्यादेपलीकडे नेल्यास मोठे थेंब नाहींसे होऊन तारेच्या टोंकापासून बारीक तुषार सुटूं लागतात. शुद्ध कर्बाम्लवायूंत हे तुषार सामान्यतः मिळत नाहींत.

मग शुद्ध आर्गॉनच पोलादास कां घेऊं नये? कारण त्यांत पोलादावरील चाप एका जागीं ठरत नाहीं. रस पत्र्यावर पसरण्याऐवजीं उंच गोळा होऊन बसतो व कडेस खांचा पडतात. थोडासा प्राणवायु पोलादास लागतोच, तो मिश्रणांतून मिळतो. उलट अॅल्युमिनियमला शुद्ध आर्गॉनच हवा. कर्बाम्लवायूनें तें काळें पडून वाया जातें. स्टेनलेस स्टीलसाठीं आर्गॉनमध्यें शेंकडा दोनएक भागच दुसरा वायु घालतात, कारण अधिक कर्ब त्यांत शिरला तर त्याचा न गंजण्याचा गुण उणावतो.

अलीकडे मिश्रण म्हणजे उत्तम आणि कर्बाम्लवायु म्हणजे हलका, असा एक समज रूढ होऊं पाहत आहे. तो आम्हांस मान्य नाहीं. सहा मिलिमीटर जाडीची पट्टी, अँगलची घडवंची, ट्रॉलीचा सांगाडा, अशा जाड कामास कर्बाम्लवायु उत्तम प्रकारें चालतो. मणी खरवडण्याचे श्रम पडतात, इतकेंच. दीड मिलिमीटरच्या चौकोनी नळीचें फाटक, पातळ पत्र्याचें कपाट किंवा कूलरची पेटी असेल, तर मिश्रणानें काम सुबक होतें व पत्र्यास भोंक पडण्याची भीति कमी. तेंच काम कर्बाम्लवायूनेंहि होतें, मात्र ०.८ मिलिमीटरची तार आणि सावध हात पाहिजे.

यंत्रावर मुख्य खुंट्या दोन. एकीनें तारेची गति बदलते व दुसरीनें व्होल्टेज. नवशिक्यास वाटतें कीं प्रवाहाची वेगळी खुंटी असावी. पण बहुतेक मिग यंत्रांत ती नसते. तार जितक्या वेगानें पुढें येईल, तितकी ती वितळविण्यास यंत्र अधिक प्रवाह देतें. म्हणजे तारेची गति हीच प्रवाहाची खुंटी होय. व्होल्टेजनें चापाची लांबी ठरते. व्होल्टेज थोडें असेल तर चाप आंखूड, अधिक असेल तर लांब व पसरट. ह्या दोन खुंट्या बैलजोडीप्रमाणें आहेत. एकीला हांकावें आणि दुसरीला विसरावें, असें चालत नाहीं.

कर्बाम्लवायूसाठीं प्रारंभ कोठून करावा ह्याचा एक सोपा हिशोब कारागिरांत प्रचलित आहे. प्रवाहाच्या अँपिअरांस ०.०५ नें गुणावें व त्यांत १४ मिळवावे. येतील तितके व्होल्ट, त्यांत दोन अधिक किंवा दोन उणे. सहा मिलिमीटरच्या पट्टीस १.२ मिलिमीटरच्या तारेनें २०० अँपिअर द्यावयाचे असतील, तर २०० गुणिलें ०.०५ म्हणजे १०, त्यांत १४ मिळवून २४ व्होल्ट. दीड-दोन मिलिमीटरच्या नळीस ०.८ च्या तारेनें ८० अँपिअर द्यावयाचे, तर १८ व्होल्ट. मिश्रण घेतल्यास ह्यांतून एक ते दोन व्होल्ट वजा करावे. हा हिशोब म्हणजे केवळ आरंभ. पुढचें काम कानाचें आहे. ह्या कमी दाबाच्या कामांत तार पत्र्यास टेकते, वितळून तुटते व पुन्हां टेकते. असें एका सेकंदांत वीसपासून दोनशें वेळां घडतें. तें नियमित घडत असेल तर तव्यावर कांहीं तळत असल्यासारखा एकसारखा चरचराट ऐकूं येतो. ठोके पडल्यासारखा आवाज येऊन टॉर्च हातास मागें ढकलूं लागला, तर तारेची गति अधिक किंवा व्होल्टेज कमी. चरचराट जाऊन फुसफुस होऊं लागली व तारेच्या टोंकाशीं मोठा थेंब लोंबूं लागला, तर व्होल्टेज अधिक. एका वेळीं एकच खुंटी फिरवावी, तीहि थोडी. दोन्ही एकदम फिरविणारा मनुष्य कोठें होता आणि कोठें आला हें विसरतो.

तारेचें टोंक तांब्याच्या टिपापासून किती बाहेर असावें, ह्याकडेहि लक्ष द्यावें. बारीक तारेस दहा-बारा मिलिमीटर, जाड तारेस पंधरा ते वीस. हात मागें घेतला व अंतर वाढलें कीं लांब तारेच्या विरोधामुळें प्रवाह घटतो. कोंपऱ्यांत टॉर्च नीट पोंचत नाहीं तेथें असेंच घडतें, आणि घडवंचीचे पाय नेमके अशा कोंपऱ्यांतच जोडलेले असतात. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत आणखी एक अडचण आहे. संध्याकाळीं वस्तींतील दिवे-पंखे सुरू होऊन विजेचा दाब उतरला, कीं यंत्राचा दाबहि उतरतो. सकाळीं लावलेली खुंटी जागची हालली नाहीं, तरी सायंकाळचा सांधा निराळा.

ह्या लेखांतील मुख्य मुद्दा आतां येतो. समजा, एका कारखान्यांत मिश्रणाचा सिलिंडर संपला व त्या जागीं कर्बाम्लवायूचा जोडला. खुंट्या मात्र तशाच राहिल्या. कर्बाम्लवायूस दोन व्होल्ट अधिक लागतात, ते मिळाले नाहींत. चाप आंखूड झाला, तार ठोके देऊं लागली, आणि रस दोरीसारखा उंच व अरुंद होऊन पत्र्यावर नुसता बसला. पत्र्याची कड वितळलीच नाहीं. वरून पाहणाऱ्यास एक जाड, भक्कम वाटणारी वळकटी दिसते. रंगाचा हात फिरला म्हणजे तर दोषाचा मागमूसहि राहत नाहीं. कारागीर ह्यास थंड सांधा म्हणतात. दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें, ही म्हण ह्या सांध्यास जितकी लागू पडते तितकी दुसऱ्या कशास क्वचितच लागू पडेल. उलट अदलाबदल झाली, म्हणजे कर्बाम्लवायूचें व्होल्टेज तसेंच ठेवून मिश्रण जोडलें, तर चाप लांब होतो, कडेस खांच पडते, पातळ नळीस भोंक पडतें. तो दोष निदान दिसतो तरी! भोंक पडलेलें फाटक कोणी घेत नाहीं. थंड सांध्याचा कठडा मात्र बिनतक्रार घेतला जातो. म्हणून सिलिंडर बदलणें आणि खुंट्या पुन्हां लावणें, हें एकच काम समजावें.

वायूचा झोत किती असावा ह्याविषयींहि पुष्कळ गैरसमज आहेत. बंद जागेंत मिनिटास १० ते १५ लिटर पुरेसे होतात. अधिक सोडला तर अधिक रक्षण होईल असें वाटतें; घडतें उलटें. झोत फार जोराचा झाला कीं तो सरळ न पडतां भोंवरे करतो आणि बाजूची हवा आपल्याबरोबर ओढून आंत घेतो. पैसे अधिक गेले आणि जाळीहि पडली.

आपल्या शहराचा उन्हाळा येथें आडवा येतो. वैशाखांत पारा अनेकदां ४० अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या छपराखालीं, चामड्याचा अंगरखा व मोजे घालून, तोंडावर मुखवटा लावून काम करणाऱ्या मनुष्यास पंखा नको असें म्हणणें माणुसकीस धरून होणार नाहीं. परंतु ताशीं आठ किलोमीटर, म्हणजे झपझप चालणाऱ्या मनुष्याच्या वेगाहून थोडा अधिक वारा असला, तरी तो वायूचें पांघरूण उडवून लावतो. पंखा किंवा कूलर थेट टॉर्चवर लावला, कीं सांध्यांत टांचणीच्या डोक्याएवढीं भोंकें दिसूं लागतात. मग कोणी वायूचा झोत २५ लिटरांवर नेतो, आणि दोन चुका एकत्र येतात. पंखा कारागिराच्या पाठीमागून, उंचावर ठेवावा. काम आणि वारा ह्यांच्यामध्यें पत्र्याचा किंवा जाड कनातीचा आडोसा करावा. गच्चीवर उघड्यावर काम असेल, तर तेथें मिग न नेतां जुना लेपाचा रॉडच न्यावा. त्याचें पांघरूण वाऱ्यास इतक्या सहजीं दाद देत नाहीं. रस्त्यावरचा फिरता कारागीर रॉडच बाळगतो, तो केवळ जुन्या खोडीमुळें नव्हे.

सिलिंडराचें शास्त्रहि मनोरंजक आहे. कर्बाम्लवायु सिलिंडरांत द्रवरूपानें भरलेला असतो. २० अंशांवर त्याचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारें ५७ पट असतो, आणि द्रवाचा शेवटचा थेंब उरेपर्यंत कांटा जवळजवळ तेथेंच राहतो. म्हणून कांटा पाहून किती वायु उरला हें कळत नाहीं. सिलिंडर तोलूनच पाहावा लागतो. ३१ अंशांच्या वर तर आणखी नवल घडतें. त्या उष्णतेस द्रव व वायु हा भेदच उरत नाहीं, आणि दाब भराभर वाढूं लागतो. आपल्याकडील उन्हाळ्यांत ही मर्यादा दररोज ओलांडली जाते. तेव्हां सिलिंडर सांवलींत, उभा व सांखळीनें बांधलेला असावा. दुसऱ्या बाजूस, द्रवाचा वायु होतांना व दाब उतरतांना तो अतिशय थंड होतो. भर उन्हाळ्यांतहि रेग्युलेटरवर हिम धरतें व वायूची वाट अडते. ह्यासाठीं तेथें विजेचा लहानसा हीटर बसवितात. हीटर बंद पडला आणि कोणाच्या लक्षांत आलें नाहीं, कीं टॉर्च चालू, तार चालू, पण पांघरूण नाहीं.

मिश्रणाचा सिलिंडर असा नसतो. त्यांत द्रव नाहीं. वायूच दाबून भरलेला असतो, व जसजसा खर्च होतो तसतसा कांटा उतरतो. येथें विद्यार्थ्यांनीं एक हिशोब करून पाहावा. एक किलो कर्बाम्लवायूपासून साधारण उष्णतेंत सुमारें ५४० लिटर वायु होतो. म्हणजे ३० किलोंपासून सुमारें १६,००० लिटर. मिनिटास १२ लिटर खर्चिल्यास चाप बावीस तासांहून अधिक चालेल. मिश्रणाचा ४७ लिटरांचा सिलिंडर हवेच्या दाबाच्या १५० पटींनीं भरला, तर त्यांत सुमारें ७,००० लिटर वायु मावतो. तोच खर्च धरल्यास दहा तासांच्या आंतच संपेल. सिलिंडरांच्या किमतींची तुलना करणाऱ्यानें हे तासहि तुलनेंत घ्यावे. आणि दुसऱ्या पारड्यांत मणी खरवडण्यांत जाणारे मजुराचे तास टाकावे. उत्तर कामाप्रमाणें बदलेल.

दोन्ही वायु हवेपेक्षां जड आहेत. बंद टांकींत, खड्ड्यांत किंवा तळघरांत काम करतांना ते खालीं सांचतात व श्वासास हवा उरत नाहीं. त्यांना वास नसल्यामुळें मनुष्यास कळतहि नाहीं. अशा जागीं बाहेर दुसरा मनुष्य उभा ठेवल्याविना व हवा खेळती केल्याविना उतरूं नये. जस्ताचा मुलामा दिलेल्या नळीची गोष्ट निराळी. जस्त ९०७ अंशांवरच उकळतें, पोलाद वितळण्यास मात्र पंधराशें अंशांच्या आसपास उष्णता लागते. त्यामुळें मुलामा अगोदर घासून काढला नाहीं तर पांढरा धूर निघतो, सांध्यांत भोंकें पडतात, आणि तो धूर छातींत गेलेल्या मनुष्यास रात्रीं हींव भरून ताप येतो. गंज, रंग व तेल हेहि असेच पुसून काढावे. शाळेंत येतां-जातां दुकानांत चाप चमकत असेल तर मुलांनीं तिकडे टक लावून पाहूं नये. त्याची वेदना तत्काळ होत नाहीं. कांहीं तासांनीं, बहुधा रात्रीं, डोळ्यांत वाळू गेल्यासारखें होतें. अशा वेळीं डोळे चोळूं नयेत, घरगुती औषध घालूं नये, नेत्रवैद्यास दाखवावें.

राहतां राहिली सांध्याची परीक्षा. मोठ्या कारखान्यांत सांधा कापून, घासून, त्यास आम्ल लावून पाहतात. म्हणजे रस पत्र्यांत किती खोल गेला हें रेषेसारखें दिसतें. लहान दुकानांतहि करतां येईल अशी परीक्षा आहे. ज्या जाडीचें काम आहे त्याच जाडीचे दोन तुकडे घ्यावे, एक आडवा व त्यावर एक उभा, आणि एकाच बाजूनें जोडावे. थंड झाल्यावर तुकडा शेगड्यांत धरून उभ्या पट्टीवर, सांधा उघडेल अशा बाजूस, हातोडीनें ठोकावें, तो वांकेपर्यंत किंवा तुटेपर्यंत. तुटलेल्या जागीं राखी रंगाचें, फाटलेलें, खरबरीत पोलाद दिसलें तर रस पत्र्यास धरला होता. टांचणीच्या डोक्याएवढीं भोंकें दिसलीं तर वारा, गंज किंवा वायु पाहावा. आणि पत्र्याची मूळची गुळगुळीत कड, कापतांना पडलेल्या रेघांसकट, जशीच्या तशी दिसली, तर तो थंड सांधा होय. मग व्होल्टेज एक पायरी वाढवून दुसरा तुकडा जोडावा व तोहि ठोकून पाहावा. ह्या कामास भंगाराचे चार तुकडे व अर्धा तास लागतो, आणि तो कठडा वर चढविण्यापूर्वींच काढावा लागतो.